गोठवलेली कोंबडी किती दिवस चालते?

परसातील कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणवर्गांत गादीतील किडी, गोचीड, माश्या यांविषयीचे व्याख्यान संपले की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो, आणि त्याचा कीटकशास्त्राशी वरवर काही संबंध नसतो. कापलेली कोंबडी फ्रीजरमध्ये किती दिवस चालते? पूर्वी हा प्रश्न घरापुरता होता. आता तो शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि बचतगटांच्या अध्यक्षा विचारतात, आणि विस्तार कार्यकर्त्याकडून त्यांना एका आकड्याची अपेक्षा असते.

प्रश्न वाढण्याचे कारण समजण्यासारखे आहे. वनराजा, गिरिराजा, कडकनाथ किंवा गावरान पक्षी पाळणाऱ्याचा माल एका ठरावीक दिवशी विकला जात नाही. महाराष्ट्रात आषाढी अमावास्या उलटली की मागणी एकदम कोसळते. जो इंदूर-भोपाळकडे माल पाठवतो त्याला तर दोन पंचांगे सांभाळावी लागतात. तिकडे पौर्णिमान्त गणनेमुळे श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. पुढे नवरात्र येते. या काळात तयार पक्षी खाद्य खात राहतो, वजन मात्र त्या मानाने वाढत नाही. तेव्हा पक्षी कापून गोठवावा आणि दिवाळीनंतर विकावा, हा हिशेब चुकीचा नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून दूरच्या शहरांतून मागणी येते, आणि तेथे मांस गोठवूनच पोहोचवावे लागते. म्हणजे फ्रीजर हे आता शेतीचे अवजार झाले आहे. नांगराविषयी आपण जेवढे बोलतो तेवढे तरी त्याच्याविषयी बोलले पाहिजे.

प्रथम आकडे सांगून टाकू. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शनानुसार उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात सतत राहिलेले मांस सुरक्षिततेच्या दृष्टीने अमर्याद काळ टिकते. दर्जाच्या दृष्टीने मात्र अखंड कोंबडी सुमारे १२ महिने, तुकडे ९ महिने, कलेजी-पोटा आणि खिमा ३ ते ४ महिने, शिजवलेले पदार्थ २ ते ६ महिने अशी मर्यादा सांगितली जाते. न गोठवता फ्रीजच्या साध्या कप्प्यात, म्हणजे ४ अंश किंवा त्याखाली, कच्ची कोंबडी एक ते दोन दिवसच ठेवावी.

हे आकडे बरोबर आहेत. माझी तक्रार ते ज्या रीतीने सांगितले जातात तिच्याविषयी आहे. भित्तिपत्रकावर ‘१२ महिने’ छापले जाते आणि ‘उणे १८ अंशांत सतत’ ही अट गळून पडते. अट गळाली की आकडा निरुपयोगी होतो. आपल्याकडील किती फ्रीजर खरोखर उणे १८ अंशांवर असतात, आणि वर्षभर तेथेच राहतात, हे तपासल्याशिवाय महिने सांगण्यात अर्थ नाही.

मुळात उणे १८ या संख्येत काही गूढ नाही. फॅरनहाइटच्या मापात ती शून्य होते. अमेरिकी उद्योगाला ती सोयीची वाटली आणि पुढे जगभर रूढ झाली. भारतातील अन्न सुरक्षा नियमांतही गोठवलेल्या अन्नासाठी हीच मर्यादा आहे. मांसातील पाणी शून्यावर गोठत नाही. उणे दीड-दोन अंशांच्या आसपास त्यात बर्फ धरू लागतो. उणे ५ अंशांपर्यंत साधारण तीन-चतुर्थांश पाणी गोठते आणि उणे १८ अंशांत सुमारे नऊ-दशांश. उरलेल्या पाण्यात क्षार साठलेले असतात आणि तेथे रासायनिक क्रिया मंदगतीने चालूच राहतात. जिवाणूंची वाढ त्याच्या बऱ्याच आधी, उणे १० अंशांच्या आसपास, थांबलेली असते. म्हणून महिनोन्‌महिने ठेवलेल्या मांसात आपण ज्याची वाट पाहत असतो ते कुजणे नसून खवटपणा असतो. कोंबडीच्या चरबीत असंपृक्त मेदाम्ले गोमांस किंवा बोकडाच्या मांसाच्या मानाने अधिक असतात, आणि त्यांचा प्राणवायूशी संयोग थंडीतही होतो. मांडीचे गडद मांस छातीच्या मांसापेक्षा लवकर खवट होते. खिम्यात हवेला मिळणारा पृष्ठभाग वाढतो, म्हणून त्याची मुदत कमी.

आता एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा पाहा. त्याच्या झाकणावर लहान ताऱ्यांचे चिन्ह असते. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथा तारा असेल तर तो कप्पा ताजे अन्न गोठवण्यासही समर्थ आहे, असा अर्थ होतो. या ताऱ्यांचा आणि फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या वीजबचतीच्या ताऱ्यांचा काडीचाही संबंध नाही. तरीही ‘आमचा फ्रीज पाचतारांकित आहे’ असे उत्तर प्रशिक्षणात अनेकदा मिळते, आणि दुकानदारही हा गोंधळ निस्तरत नाहीत. उणे १२ अंशांत दर्जा टिकण्याचा काळ साधारण निम्म्यावर येतो. उणे ६ अंशांच्या कप्प्याला तर मांसाचा साठा म्हणूच नये; तेथे आठवड्याचा हिशेब करावा. काचेच्या झाकणाचे जे डीप फ्रीझर गटांना दिले जातात त्यांतील काहींवर ‘कूलर’ आणि ‘फ्रीझर’ अशी अदलाबदल करण्याची कळ असते. ती कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे.

येथे कीटकशास्त्राचा संबंध येतो. रवा, डाळी, बेसन यांत किडे होऊ नयेत म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे आणि ती शास्त्रीय आहे. सोंडकिडा किंवा पिठातील तांबडा भुंगेरा उणे १८ अंशांत चार दिवस ते आठवडाभर राहिला, की अंडी-अळ्यांसह मरतो. आमच्या कीटकसंग्रहांतही पेट्यांतील नमुने खाणाऱ्या भुंगेऱ्यांचा नायनाट याच उपायाने करतात. त्यामुळे ‘फ्रीजरमध्ये टाकले की सगळे मरते’ ही समजूत पक्की झाली, आणि ती धान्यावरून मांसावर कधी सरकली ते कोणाच्या लक्षात आले नाही.

कीटक मरतो, कारण तो गुंतागुंतीचा प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये बर्फाचे स्फटिक वाढले की रचना फाटते. कीटकांतही असे चिवट आहेत, की जे हळूहळू थंड होताना शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवतात आणि थंडीतून निभावून जातात. धान्यातील खापरा भुंगेऱ्याच्या अळीची चिवटाई तर गोदामवाल्यांना ठाऊक आहेच. जिवाणूची गोष्ट निराळी आहे. तो एकपेशीय, अतिसूक्ष्म, आणि मांसातील प्रथिनांच्या आवरणात सुरक्षित असतो. गोठवण्याने काही जिवाणू मरतात, पण सगळे नाहीत. कॅम्पिलोबॅक्टर या बाबतीत नाजूक आहे. म्हणून आइसलँडमध्ये २००० सालापासून बाधित कळपांचे मांस ताजे विकू न देता गोठवूनच बाजारात आणण्याची पद्धत सुरू झाली. साल्मोनेला मात्र दणकट आहे. कॅनडात गोठवलेल्या, पाव-चुरा लावलेल्या पण आतून कच्च्या कोंबडीच्या पदार्थांपासून साल्मोनेलाचे उद्रेक २०१७ पासून एकामागून एक झाले. अखेर १ एप्रिल २०१९ पासून त्या पदार्थांतील जिवाणू आढळपातळीच्या खाली आणण्याची सक्ती उत्पादकांवर करावी लागली. ते पदार्थ व्यवस्थित गोठवलेले होते. फ्रीजरने त्यांतील साल्मोनेला संपवला नव्हता. त्याची वाढ तेवढी रोखली होती.

म्हणजे फ्रीजर घड्याळ थांबवतो, मागे फिरवत नाही. पक्षी फ्रीजरमध्ये जाण्याआधी किती जिवाणू गोळा झाले, यावर तो बाहेर आल्यानंतरची सुरक्षितता अवलंबून आहे. हे गोळा होणे कत्तलीच्या ओट्यावर सुरू होत नाही. गादी पद्धतीच्या शेडमध्ये तुसाखाली जो लहान काळा भुंगेरा आणि त्याच्या पिवळसर अळ्या दिसतात, त्यांच्याकडे शेतकरी सहसा दुर्लक्ष करतो, कारण पक्षी त्या आवडीने टिपतात. हाच भुंगेरा साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर बाळगतो, आणि एका तुकडीतून दुसऱ्या तुकडीत त्यांची पोहोच करतो. शेड रिकामे झाल्यावर गादी तशीच ठेवून नवी पिल्ले सोडणे म्हणजे जुने जिवाणू नव्या पक्ष्यांच्या स्वाधीन करणे होय. पुढे कत्तलीच्या जागी माश्या येतात. निळ्या-हिरव्या मांसमाश्या उघड्या मांसावर पाहता पाहता अंडी घालतात आणि उन्हाळ्यात साधारण दिवसभरात अळ्या बाहेर पडतात. त्यांचा धोका निदान डोळ्यांना दिसतो. घरमाशी उकिरड्यावरून उठून मांसावर बसते आणि काही न दाखवता निघून जाते. कत्तलीच्या खोलीला बारीक जाळी बसवणे हा मांस टिकवण्याचा उपाय आहे, असे मी म्हणतो तेव्हा लोकांना आश्चर्य वाटते. बाहेरच्या उष्म्यात काही जिवाणू २० ते ३० मिनिटांत दुप्पट होतात. ओट्यावर दोन तास पडलेली कोंबडी मग कितीही उत्तम गोठवली, तरी ती दोन तास जुनी राहणार.

ग्राहकांचा एक आग्रहही येथेच तपासावा. ‘डोळ्यांदेखत कापलेले तेच ताजे, गोठवलेले म्हणजे शिळे’ असे मानणारे लोक देशभर आहेत. दुपारच्या उन्हात लाकडी ठोकळ्यावर कापलेली, काळ्या पिशवीतून तासाभराने घरी आलेली आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिलेली कोंबडी ताजी म्हणावी, आणि कापल्याबरोबर थंड करून गोठवलेली शिळी म्हणावी, हे मला पटत नाही. मात्र हा युक्तिवाद करण्याचा अधिकार आपले फ्रीजर नीट चालवणाऱ्यालाच आहे.

एका बाबतीत कसलीही सवलत नाही. आजारी, मलूल किंवा अचानक मेलेला पक्षी ‘वाया जाऊ नये’ म्हणून कापून गोठवू नये. भारतात अतिरोगकारक बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. तो विषाणू ७० अंशांच्या वर नीट शिजवल्याने नष्ट होतो, गोठवल्याने होत नाही. उलट थंडीत तो अधिक काळ टिकतो. असा पक्षी हाताळणाऱ्याला, पिसे काढणाऱ्याला धोका असतो. अनेक पक्षी एकाएकी दगावले, तर पशुधन विकास अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवावे.

गोठवण्याच्या रीतीविषयी बोलायचे तर सर्वांत मोठी चूक घाईची असते. एका दिवसात चाळीस-पन्नास पक्षी कापायचे आणि कोमट मांस एकदम फ्रीजरमध्ये रचायचे. घरगुती प्रकारचा फ्रीजर साठवण्यासाठी बांधलेला असतो. गोठवण्याची त्याची ताकद मर्यादित असते. चार ताऱ्यांच्या फ्रीजरकडूनही १०० लिटर क्षमतेमागे २४ तासांत सुमारे साडेचार किलो ताजे अन्न गोठवण्याची अपेक्षा धरलेली असते. म्हणजे ३०० लिटरच्या पेटीत दिवसाला तेरा-चौदा किलो. त्याहून अधिक घातले तर मधले मांस दीर्घकाळ कोमट राहते, आधी गोठलेला माल अर्धवट मऊ होतो आणि हळू गोठल्यामुळे बर्फाचे मोठे स्फटिक तंतू फाडतात. वितळवताना जे लालसर पाणी सुटते ते बहुतांशी याच कारणाने. कत्तल टप्प्याटप्प्याने करावी. मांस बर्फाच्या स्वच्छ पाण्यात थंड करून, निथळून, चार-सहा तास ४ अंशांच्या आसपास ठेवावे आणि मग गोठवावे. यात दुहेरी लाभ आहे, कारण कापल्याबरोबर गोठवलेले मांस शिजल्यावर चिवट लागते.

पुड्या अर्धा-एक किलोच्या, चपट्या आणि हवा काढून बांधलेल्या असाव्यात. पातळ पिशवीतून ओलावा उडतो आणि मांसावर पांढुरके, कोरडे चट्टे पडतात. त्यांनी आजार होत नाही, पण ग्राहक पुन्हा येत नाही. आपल्याकडे हळद-मीठ लावून ठेवण्याची रीत आहे. एक-दोन दिवसांसाठी ती उत्तम. महिनोन्‌महिने गोठवायचे असेल तर मीठ लावू नये, कारण मीठ चरबीचा खवटपणा वाढवते. ते वितळवल्यानंतर लावावे. प्रत्येक पुडीवर कत्तलीची तारीख लिहावी, आणि गोठवल्याची तारीख वेगळी असल्यास तीही.

आता विजेकडे वळू. दार उघडले नाही तर भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो, असे सर्वत्र सांगितले जाते. हा अंदाज चांगल्या आवरणाच्या, घट्ट दाराच्या यंत्राचा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, सैल झालेल्या रबराच्या आणि दर तासाला उघडल्या जाणाऱ्या काचेच्या झाकणाच्या पेटीला तो लावू नये. वीज एकदाच दीर्घकाळ जाण्यापेक्षा रोज चार-सहा तास जाणे अधिक फसवे असते. उणे १८ वरून उणे ८ पर्यंत चढायचे आणि पुन्हा उतरायचे. मांस हाताला दगडासारखेच लागते, कोणाला शंका येत नाही. प्रत्येक चढउतारात लहान स्फटिक विरघळून मोठे होतात, पुडीच्या आत बर्फाचा चुरा जमतो, खवटपणाचा वेग वाढतो. पुडीत सुटा बर्फ पुष्कळ दिसला, तर त्या मालाचे १२ महिने केव्हाच कमी झाले आहेत, असे समजावे.

शीतसाखळीच्या उद्योगात २०२३ पासून एक वाद सुरू आहे. वीज वाचवण्यासाठी जगाने उणे १८ ऐवजी उणे १५ अंश स्वीकारावेत, असा प्रस्ताव आहे. मोठ्या शीतगृहांसाठी तो विचारार्ह असेल. आपल्या गटांसाठी तो वाद तूर्त अप्रस्तुत आहे. ज्याचा फ्रीजर रोज दहा अंश हेलकावतो त्याला तीन अंशांच्या बचतीचे काय?

मोकळी जागा पाण्याने तीन-चतुर्थांश भरलेल्या बाटल्यांनी भरून ठेवावी. त्या गोठल्या की वीज गेल्यावर थंडी धरून ठेवतात. त्यांतील एक बाटली उभी गोठवून नंतर उलटी ठेवावी. काही दिवसांनी बर्फ तळाकडून सरकून झाकणाकडे आलेला दिसला, तर मधल्या काळात फ्रीजर शून्याच्या वर गेला होता, हे निश्चित. बर्फ जागेवर असला तर सगळे ठीक आहे, असा मात्र उलट अर्थ काढू नये. उणे २ अंशांपर्यंतची चढाई ही बाटली सांगत नाही. त्यासाठी तापमापकच हवा. वीज आल्यावर मांसात बर्फाचे कण शिल्लक असतील किंवा ते ४ अंशांच्या आत असेल, तर पुन्हा गोठवता येते, दर्जा घटतो एवढेच. असा माल घरी किंवा गटातच आधी संपवावा, विक्रीला लावू नये. पूर्ण वितळून कोमट झालेले मांस टाकून द्यावे. वासावर विसंबू नये, कारण साल्मोनेलाला वास नसतो.

वितळवण्याची सूचना विक्रेत्यानेच पुडीवर छापावी. रात्रभर ओट्यावर ठेवण्याची सवय सर्वत्र आहे आणि तीच सर्वांत घातक आहे. आतला गाभा गोठलेला असतानाच बाहेरचा थर जिवाणूंसाठी उबदार झालेला असतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आदल्या दिवशी ठेवावे, किंवा बंद पिशवीसह थंड पाण्यात ठेवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. शिजवताना सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत गेले पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत खटकते ती आपल्या योजनांची रचना. माझ्या पाहण्यात आलेल्या गटांच्या प्रस्तावांत डीप फ्रीझरसाठी रक्कम असते. तापमापकासाठी, नोंद ठेवणाऱ्या उपकरणासाठी, स्थिर विद्युतदाबासाठी किंवा पर्यायी विजेसाठी स्वतंत्र तरतूद क्वचितच असते. तापमापक काही शे रुपयांत मिळतो. दिवसातून दोनदा, सकाळी झाकण उघडण्यापूर्वी आणि रात्री व्यवहार संपल्यावर, तापमान वहीत लिहिणे हे एका माणसाचे दोन मिनिटांचे काम आहे. महिनाभराची अशी वही समोर असली, की विस्तार कार्यकर्त्याला त्या गटाला खरे उत्तर देता येते: तुमच्या फ्रीजरमध्ये अखंड पक्षी वर्षभर ठेवा, किंवा तुमच्या फ्रीजरमध्ये दोन महिन्यांच्या वर ठेवू नका. दोन शेजारच्या गावांत हे उत्तर वेगळे असू शकते आणि ते तसे देण्यात संकोच वाटू नये.

कृषी विज्ञान केंद्रांनी यंदा श्रावणाआधी निदान आपल्या कार्यक्षेत्रातील गटांच्या फ्रीजरमध्ये एकेक तापमापक आठवडाभर ठेवून पाहावा. उत्तर भारतातील केंद्रांना त्यासाठी पंधरा दिवस आधी सुरुवात करावी लागेल.